काळा शर्ट, लाल-पिवळी पट्टी

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्या दुकानात दोन तऱ्हेचे गिऱ्हाईक येते. एकाला लाल आणि पिवळे साटीन लागते: गाडीला बांधायला, गळ्यात घालायला, मंडळाच्या कमानीला. दुसऱ्याला काळा शर्ट हवा असतो, तो मापात नसेल तर दंडावर बांधायला निदान काळी फीत. दोघेही घासाघीस करतात, दोघांनाही माल ३१ तारखेच्या संध्याकाळपर्यंत हातात पाहिजे असतो आणि दोघांनाही शिलाई जास्त वाटते. आमचा मूळ धंदा लष्करी कपड्यांचा. वर्दी शिवायची, ढिली असली तर आवळायची, नावाच्या पट्ट्या, खांद्यावरच्या फिती, बिल्ले, बेरेट. बेळगावच्या कॅम्पात हे काम आजोबांपासून चालत आले आहे. झेंडे आणि फिती हे हंगामी उत्पन्न. घरातले फटाके त्यावर सुटतात.

१ नोव्हेंबर ही आमच्याकडची फार राबवून घेतलेली तारीख आहे. १९५६ साली त्या दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. म्हैसूरचे कर्नाटक झाले ते १९७३ साली त्याच तारखेला आणि बेळगावचे ‘बेळगावी’ झाले २०१४ साली, पुन्हा त्याच तारखेला. त्या दिवशी चन्नम्मा चौकात कर्नाटक राज्योत्सवाची लाल-पिवळी गर्दी उसळते आणि दुसरीकडे संभाजी उद्यानातून, बेळगाव महाराष्ट्रात हवे म्हणणाऱ्यांची, काळ्या दिनाची सायकल फेरी निघते. २०२४ साली लक्ष्मीपूजनही नेमके त्याच दिवशी आले. सकाळी काळा शर्ट घालून फेरीत गेलेली माणसे संध्याकाळी झब्बे घालून पूजेला बसली. काळा रंग आणि लक्ष्मीपूजन एका दिवशी कसे जमवायचे, यावर दुकानात आठवडाभर काथ्याकूट चालला होता. एका काकूंनी निकाल दिला: आंघोळ दोनदा करायची.

कॅम्पाला हा सगळा प्रकार जरा बाजूने दिसतो. ही एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी वसवलेली छावणी. कारभार कॅन्टोन्मेंट बोर्डाचा, बोर्डाचा अध्यक्ष लष्करी अधिकारी, वरचा मालक दिल्लीतले संरक्षण मंत्रालय. बंगळूर आणि मुंबई एकमेकांच्या उरावर बसतात तेव्हा आमची घरपट्टी तिसऱ्याच ठिकाणी जमा होत असते. वस्तीही तशीच, पलटणींच्या मागोमाग आलेली. आमच्या ओळीत एक तमिळ घर आहे, दोन कोकणी बोलणारी ख्रिस्ती घरे, पुढे मुसलमान खाटीक, आणि आम्ही. मिरवणुका शहरात निघतात. कॅम्पातला माणूस त्या बघायला जातो. बघणाऱ्याला एक फायदा मिळतो. चालणाऱ्याला पुढच्याची पाठ दिसते, कठड्यावर बसलेल्याला मिरवणुकीचे तोंड आणि शेपूट दोन्ही दिसतात.

म्हणून एक गोष्ट ठासून म्हणावीशी वाटते. बेळगावच्या निवडणुकांचे निकाल बंगळूर आणि मुंबई दोघांनाही वाचता येत नाहीत.

बंगळूरचे म्हणणे साधे आहे. बेळगाव महाराष्ट्रात न्यायला निघालेल्या महाराष्ट्र एकीकरण समितीला २००८ साली विधानसभेत एकही जागा मिळाली नाही, २०१३ साली दोन मिळाल्या, २०१८ आणि २०२३ साली पुन्हा शून्य. २०२१च्या सप्टेंबरात महापालिकेच्या ५८ जागांपैकी ३५ भाजपने घेतल्या आणि समिती हाताच्या बोटांवर आली. म्हणजे प्रश्न मिटला. मुंबईचे म्हणणे याच्या उलट: काळ्या दिनाला माणसे बघा, बेळगावची शिवजयंती बघा, म्हणजे प्रश्न धगधगतो आहे. २०२२च्या डिसेंबरात नागपूरला महाराष्ट्र विधिमंडळाने सीमाभागातली ८६५ गावे महाराष्ट्रात आणण्याचा ठराव एकमताने केला, तोही याच समजुतीवर.

मधला एक आकडा मात्र दोघेही गिळतात. त्याच २०२१ सालच्या एप्रिलमध्ये लोकसभेची पोटनिवडणूक झाली. खासदार सुरेश अंगडी कोविडने गेले होते, त्यांच्या पत्नी भाजपकडून उभ्या होत्या. समितीने पंचविशीतला एक तरुण उभा केला. निवडून येण्याची सुतराम शक्यता नव्हती, तरी त्याला लाखाहून जास्त मते पडली. भाजपची जागा पाच हजारांच्या आसपास मतांनी कशीबशी वाचली. पाच महिन्यांनी त्याच मतदारांतल्या कितीतरी जणांनी महापालिकेत समितीला घरी बसवले. निवडून आलेल्या भाजपवाल्यांत मराठी आडनावांची रेलचेल होती, हे वेगळे सांगायला नको.

हे लोक पाच महिन्यांत फिरले का? अजिबात नाही. खासदार दिल्लीला जातो. तो गटार साफ करून देणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथले मत वाया गेले तरी नळाचे पाणी एक दिवसही चुकत नाही. म्हणून त्या मताची मिरवणूक करता येते. नगरसेवकाचे तसे नाही. तो कचऱ्याची गाडी, खांबावरचा दिवा आणि बांधकामाचा परवाना यांच्या वाटेवर उभा असतो. तिथे माणूस सत्तेच्या जवळचा बघून मत देतो आणि काळा शर्ट इस्त्री करून कपाटात ठेवतो. मला यात ढोंग दिसत नाही. वर्दी वेगळी, घरचे कपडे वेगळे. अंगातला माणूस तोच.

मताची मिरवणूक करण्याची कला बेळगावने फार आधी साधली आहे. १९९६च्या लोकसभेला समितीने निषेध म्हणून उमेदवारांचा पाऊस पाडला. एका जागेसाठी ४५६ उमेदवार. मतदानयंत्रे यायची होती, सगळा कारभार कागदावर. मतपत्रिकेची चोपडी झाली. म्हातारी माणसे चष्मा पुसत पाने उलटत होती आणि मागची रांग शिव्या घालत होती. देशात त्या वर्षी आणखी दोनेक ठिकाणी असेच झाले. मग सरकारने अनामत रक्कम पाचशेवरून दहा हजारांवर नेली. सीमाप्रश्नावर दिल्लीने इतक्या तातडीने केलेली दुसरी कारवाई मला आठवत नाही. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने वर्षभरात अहवाल दिला, बेळगाव म्हैसूरकडे ठेवले, निपाणी-खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला द्या म्हटले. महाराष्ट्राने तो फेटाळला, म्हैसूरने डोक्यावर घेतला आणि कागद होता तिथेच राहिला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. दावा दाखल झाला त्या वर्षी जन्मलेली पोरे आता दुकानात बेरेटचे माप द्यायला येतात.

त्या पोरांवरून बसची गोष्ट निघते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून इथे आहे. प्रशिक्षण संपले की कसम परेड होते आणि पोराला वर्दीत बघायला आईबाप येतात. साताऱ्याकडचे, नगरचे, मराठवाड्यातले. आदल्या दिवशी कॅम्पात त्यांचे घोळके फिरतात. हातात पिशवी, पिशवीत भाकरी, चटणी आणि पोरासाठी काहीतरी गोड. २०२५च्या फेब्रुवारीत बाळेकुंद्रीजवळ एका कंडक्टरला भाषेवरून मारहाण झाली, दोन्ही राज्यांनी गाड्या थांबवल्या, काळे फासण्याचे प्रकार झाले. असे काही झाले की कोल्हापूरहून येणारी बस कोगनोळीच्या नाक्याच्या अलीकडेच रिकामी होते. पुढे निपाणीपर्यंत जीप, वडाप, जे मिळेल ते. अशाच एका खेपेला बीडकडचे एक गृहस्थ दुकानात टेकले. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले.

‘‘मालक, इकडं दंगल हाय का काय?’’

‘‘दंगल नाही मामा, बस बंद आहे.’’

‘‘मग आमचं पोरगं लढायला कुणाकडून चाललंय?’’

आमच्या कारागिराने शिलाई यंत्राचे चाक हाताने धरून थांबवले आणि माझ्याकडे बघितले. कारागीर गोकाककडचा, घरी कन्नड बोलणारा. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, ‘‘देशाकडून जातंय की, मामा. तुमी पाणी प्या.’’ गृहस्थ तांब्याभर पाणी प्यायले. मग त्यांनी पोराच्या नावाच्या पट्टीचे पैसे विचारले आणि घासाघीस न करता दिले. आमच्या दुकानात हा प्रकार क्वचित.

पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांबद्दल थोडी तक्रार करून घेतो. आलेला प्रत्येक सुशिक्षित पाहुणा दहाव्या मिनिटाला पु.लं.च्या ‘गणगोत’मधल्या रावसाहेबांवर येतो आणि आम्ही तसे बोलून दाखवावे म्हणून तोंडाकडे बघत बसतो. रावसाहेब मोठेच, पण बेळगाव म्हणजे कानडी हेल, कुंदा आणि लोणी एवढ्यावर महाराष्ट्राचे प्रेम भागते. इंदिरा संत इथे राहून लिहीत होत्या, प्रकाश नारायण संतांचा लंपन याच मुलखातला, हे सांगितले की ‘‘हो का?’’ म्हणून पुन्हा कुंद्याची चौकशी. आणि ‘सीमाभाग आमचाच’ म्हणणाऱ्यांतल्या किती जणांना निपाणीतल्या तंबाखू वखारींतल्या बायकांवर ‘युगांतर’ या फिल्म-गटाने १९८२ साली केलेली ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ ही फिल्म माहीत आहे? त्या बायका मजुरीसाठी भांडत होत्या. त्यांच्या भांडणाला नकाशा नव्हता, म्हणून दोन्ही राजधान्यांना ते आपले वाटले नाही.

करमणुकीच्या बाबतीत मात्र बेळगावचा माणूस चांगल्या अर्थाने निर्लज्ज आहे. कॅम्पात ग्लोब टॉकीज. तिथे आम्ही पोरवयात इंग्रजी सिनेमे बघितले, संवाद न कळता मारामारी समजून घेतली. घरी रेडिओला धारवाड लागायचे आणि सांगलीही. मल्लिकार्जुन मन्सूर कोणाचे, हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नाही. ‘सैराट’ने २०१६ साली सगळ्यांना वेड लावले, आणि पुढच्या वर्षी त्याची कन्नड आवृत्ती निघाली तीत तीच रिंकू राजगुरू. २०२२ साली ‘कांतारा’ आला तेव्हा आमच्या गल्लीतल्या पोरांनी तो मूळ कन्नडात बघितला आणि वर पुण्याच्या मावसभावांना फोनवर ऐकवले, ‘‘तू डब बघूलास, खरा आम्ही बघितला.’’ हीच पोरे १ नोव्हेंबरला फेरीत असतात.

यावरून लगेच कोणी भाईचाऱ्याचे भाषण काढील, त्याचाही मला कंटाळा आहे. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे यक्षगानाचे खेळ बघून सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटक उभे केले, अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, ही माहिती अशा प्रत्येक व्यासपीठावर येते. माहिती खरीच आहे. पण ती ऐकून तलाठ्याच्या कचेरीतला उतारा मराठीत छापून येत नाही. गावाकडच्या शेतकऱ्याला आपल्याच जमिनीचा कागद वाचून घ्यायला दुसऱ्याकडे जावे लागते, त्याला यक्षगानाचा इतिहास सांगून काय उपयोग?

कॅम्पाचा स्वतःचा म्हणावा असा एकच सण: ओल्ड मॅन. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इथली पोरे जुन्या पँटी-शर्टांत गवत आणि कागद कोंबून म्हातारे तयार करतात. डोक्याला टोपी, तोंडाला मुखवटा, हवी असल्यास तोंडात सिगारेट, पोटात फटाके. उंचीप्रमाणे भाव. ते रस्त्याच्या कडेला रांगेत उभे करून विकायचे आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री सरत्या वर्षाला पेटवायचे. एके काळी हे साहेबांचे आणि ख्रिस्ती वस्तीचे; आता शहरातल्या गल्ल्या, आसपासची गावे इथून म्हातारे नेतात. कापडाच्या चिंध्या आमच्याकडून फुकट जातात. संस्कृतिरक्षकांनी कधीतरी यावर कुरकुर केली असेलही, पण फटाके फुटायला लागले की कुरकुर ऐकू येत नाही.

आता या बाजूच्या कठड्यावरून उठायची वेळ येईल असे दिसते. छावण्यांची नागरी वस्ती शेजारच्या पालिकांत मिसळायची असे संरक्षण मंत्रालयाने मनावर घेतले आहे. हिमाचलातल्या योलपासून २०२३च्या एप्रिलमध्ये सुरुवात झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस देशभरच्या छावण्यांची निवडणूक व्हायची होती, ती आदल्या महिन्यातच रद्द केली. आधीच्या सदस्यांची मुदत केव्हाच संपलेली, त्यामुळे लोकशाहीच्या गप्पा मारणाऱ्या आम्हा कॅम्पवासीयांना धड नगरसेवकही नाही. बेळगावचा कॅम्प उद्या महापालिकेत गेला की पहिल्यांदाच आम्ही तिच्या कारभारात येऊ. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड लागेल, ते मी लावीन. आमची निम्मी गिऱ्हाइके कन्नड वाचतात, त्यात माझे काही कमी होत नाही. पण देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी हवी. १९६१ साली मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरले आहे की एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक पंधरा-वीस टक्के असले तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत निघाव्यात. बेळगाव शहरात मराठी माणसे त्याहून कितीतरी जास्त आहेत. हे मिळवायला कर्नाटकाची एक इंचही जमीन हलवावी लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच त्यावर मोठे मोर्चे निघत नाहीत. नकाशावर भाषण करता येते. पाणीपट्टीच्या बिलावर भाषण करून टाळ्या मिळत नाहीत.

तेव्हा पहिला उमेदवार दुकानाच्या पायरीवर येईल त्याला, तो कोणत्याही पक्षाचा असो, मी दोनच गोष्टी विचारणार आहे. फिश मार्केटकडून येणारे पावसाळ्यातले पाणी कुठून काढणार, आणि घरपट्टीची नोटीस कन्नडबरोबर मराठीतही देणार का. समितीवाल्याने पहिल्याचे उत्तर द्यावे, भाजप-काँग्रेसवाल्याने दुसऱ्याचे. कारागिराचा मात्र आग्रह आहे की साटीनची उधारी आधी विचारावी. गेल्या नोव्हेंबरची अजून दोन्ही रंगांची बाकी आहे.