परिग्रह आणि छंद

मनुष्यानें आपल्याजवळ किती वस्तु ठेवाव्या, हा प्रश्न फार जुना आहे. आणि त्याचें उत्तर बहुधा दुसऱ्याच्या वस्तूंकडे पाहून दिलें जातें, हीहि गोष्ट तितकीच जुनी आहे. शेजाऱ्याच्या दारांतील दुसरी मोटार आपणांस चैन वाटते. आपल्या घरांतील तिसरें कपाट मात्र निव्वळ सोय असतें. या दुटप्पीपणांतून आम्हीहि सुटलेलों नाहीं. याची जाणीव ज्या प्रसंगानें झाली तो प्रसंग अगदीं घरगुती आहे. परंतु त्यांतील प्रश्न आमच्या घरापुरता नाहीं असें वाटल्यावरून तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

आम्हांला गोधड्या शिवण्याचा छंद आहे. पोटासाठीं नव्हे, पांघरुणाची अडचण म्हणूनहि नव्हे; तुकड्यास तुकडा जोडतांना मन रमतें, इतकेंच. या छंदापायीं आमच्या घरीं चार शिवणयंत्रें झालीं. पहिलें आमच्या आईचें, उजव्या हातानें चाक फिरवून चालवावयाचें. दुसरें लोखंडी बैठकीचें, पायानें चालणारें. सरळ टाका घालण्यांत त्याचा हात धरणारें दुसरें नाहीं. तिसरें विजेचें; त्याच्या बाहूखालीं जागा प्रशस्त असल्यामुळें सबंध गोधडीची गुंडाळी तींतून सरकते आणि तिचे सारे थर एकत्र शिवतां येतात. चौथें लहानसें, मैत्रिणींकडे बसून शिवावयाचें असेल तेव्हां उचलून नेण्याजोगें. एकदां घरीं आलेल्या एका वडीलधाऱ्या पाहुण्यांनीं हा संसार पाहून विचारलें, "शिवणारे हात दोनच; मग यंत्रें चार कशाला?"

आम्हीं तत्काळ उत्तर दिलें, कीं प्रत्येकाचें काम निराळें. सुताराचें एका पटाशीवर भागत नाहीं. ज्याच्या घरीं हजार पुस्तकें आहेत त्यास 'डोळे दोनच, मग पुस्तकें इतकीं कशाला' असें कोणी विचारीत नाहीं. हें उत्तर खोटें नव्हे. पातळ सुती कापडावर सुबक टाका घालणारें यंत्र जाड थरांपुढें अडखळतें. अमेरिकेंतील हौशी गोधडीकारांतहि सिंगरचें १९३३ सालीं निघालेलें, सुमारें पांच किलो वजनाचें २२१ क्रमांकाचें यंत्र अजून जिव्हाळ्यानें बाळगलें जातें. तेव्हां हें वेड म्हणा कीं रसिकता म्हणा, ती एकट्या आमचीच नाहीं.

परंतु खरें उत्तर आणि पुरें उत्तर यांत अंतर असतें. पाहुणे गेल्यावर आमच्या मनांत आलें, कीं गोधडी ही वस्तुच मुळीं टंचाईच्या पोटीं जन्मली. जुनीं लुगडीं, विरलेलीं धोतरें, मुलांचे आंखूड झालेले कपडे यांचे थरावर थर घालून, धावदोरा भरून बायकांनीं ती शिवली. कोल्हापूरकडे तिलाच वाकळ म्हणतात. जें फेंकून द्यावें अशा चिंधीलाहि तींत जागा होती. आणि आम्ही काय करतों? दुकानांतून नवें कोरें कापड आणतों, त्याचे मुद्दाम तुकडे करतों, आणि ते पुन्हां जोडतों! गरजेनें निर्माण केलेल्या कलेचा आम्हीं खेळ केला आहे.

खेळ म्हणजे अपराध, असें मात्र आम्ही मानीत नाहीं. सकाळीं काढलेली रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसली जाते, म्हणून ती कोणी व्यर्थ ठरवीत नाहीं. जें केवळ गरजेचें तेंच योग्य, असें ठरविलें तर बाग, गाणें आणि हें मासिकदेखील बंद करावें लागेल. प्रश्न खेळाचा नाहीं. खेळासाठीं जमविलेल्या वस्तूंशीं आपलें नातें काय, हा आहे.

येथें महात्मा गांधींचा एक विचार आठवतो. १९२४ सालीं 'यंग इंडिया'मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संवादांत त्यांनीं आपला विरोध यंत्रांस नसून यंत्रांच्या वेडास आहे असें सांगितलें, आणि अपवाद म्हणून सिंगरच्या शिवणयंत्राचें नांव घेतलें. घरांत बसून शिवणाऱ्या स्त्रीचे श्रम तें हलके करतें, हें त्यांतील मर्म. शिवणयंत्र अपवादांत बसतें हें वाचून आम्हांस बरें वाटलें. पण लगेच शंका आली, कीं यंत्र अपवादांत बसलें तरी आमचें ममत्व वेडांत मोडत नाहीं कशावरून?

या शंकेचें उत्तर आम्हांला पुस्तकांत मिळालें नाहीं. तें दाराशीं आलें. आमच्या गल्लींतील एक बाई ब्लाउज-परकर शिवून संसार चालवितात. गेल्या पावसाळ्यांत त्यांचें यंत्र बिघडलें आणि दुरुस्तीला दिलेलें परत येईना. गौरी-गणपति तोंडावर आलेले. त्या संकोचानें म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडचं एखादं रिकामं असेल तर महिनाभर द्याल का? भाडं देईन मी." आम्ही म्हणालों, "बघूं."

'बघूं' हा आपल्या भाषेंतील सर्वांत सभ्य नकार आहे. त्या पुन्हां विचारावयास आल्या नाहींत. आम्हीं मनाची समजूत घातली, कीं पायाचें यंत्र आपल्या हाताला बसलेलें. आईचें तर द्यावयाचें नाहींच, ती तिची आठवण. कांहीं दिवसांनीं सहज त्या आठवणीवरील झांकण काढलें आणि चाक फिरवूं गेलों, तों तें हलेना. आंतील तेल वाळून चिकट झालें होतें. ज्या स्मृतीच्या नांवानें आम्ही तें यंत्र कोणास द्यावयास तयार नव्हतों, त्या स्मृतीची आम्हीं ही निगा राखली होती!

तेव्हांपासून आम्हांला असें वाटूं लागलें आहे, कीं परिग्रहाचा दोष संख्येंत नाहीं. चार यंत्रें चालतीं ठेवणारा निर्लोभी असूं शकेल आणि एकच यंत्र झांकून ठेवणारा लोभी. पतंजलीनें अपरिग्रहाची गणना यमांत केली. पण किती वस्तु म्हणजे परिग्रह, हें मोजून सांगितलें नाहीं. वस्तु जवळ ठेवणें म्हणजे ती वापरण्याची आणि राखण्याची जबाबदारी पत्करणें होय. ती जबाबदारी आपण सोडली, आणि तरीहि दुसऱ्यानें मागतांच आपली मूठ आवळली गेली, तर तेथें छंद संपून परिग्रह सुरू झाला असें समजावें.

यावर कोणी म्हणेल, कीं जगांत गरजूंची वाण नाहीं. या न्यायानें कोणास कांहींच ठेवतां यावयाचें नाहीं. आक्षेप खरा आहे. जगाच्या गरजेचा हिशेब आम्हांसहि मांडतां येत नाहीं. परंतु नांव-गांव ठाऊक असलेली गरज उंबऱ्याशीं येऊन उभी राहिली, म्हणजे जगाच्या हिशेबाची सबब पुढें करणें हें दुसरें 'बघूं'च होय.

शेवटीं आम्हीं पायाचें यंत्र त्या बाईंच्या घरीं पोंचविलें. आईचें दिलें नाहीं. कारण हातानें चाक फिरवावयाचें तर कापडाला एकच हात उरतो, आणि ज्याला दिवसाला अनेक ब्लाउज उरकावयाचे त्यास दोन्ही हात मोकळे हवेत. हें कारण खरें आहे; एकटें तेंच खरें आहे असें मात्र छातीठोकपणें सांगवत नाहीं. बाईंनीं यंत्र ठेवून घेतलें. परंतु तोंवर गणपति होऊन गेले होते आणि सणाचें शिवण दुसरीकडे गेलें होतें. त्याची भरपाई यंत्रानें होत नाहीं.

आईच्या यंत्राला रॉकेल आणि तेल घालून तीन दिवसांनीं तें चालतें झालें. सरळ शिवण आतां आम्ही त्यावरच घालतों. काम सावकाश होतें, पण होतें. घरीं तीन यंत्रें उरलीं आहेत. पाहुण्यांनीं पुन्हां 'तीन कशाला' असें विचारलें, तर दोहोंचें उत्तर आमच्यापाशीं तयार आहे. तें चौथें लहान यंत्र आम्हीं शेवटचें केव्हां उघडलें होतें, हें मात्र आम्हांला अद्याप आठवत नाहीं.