श्रेय कोणाचें?

तराजू खरा असला म्हणजे दावाही खरा ठरतो काय? प्रश्न सोपा दिसतो; परंतु पुण्यांतील प्लास्टिकच्या कचऱ्याकडे पाहिलें म्हणजे त्याची खोली ध्यानांत येते.

मुळा-मुठेच्या कांठचें खराडी हें पूर्वीं शेतकऱ्यांचें गांव होतें. आतां तेथें संगणक-व्यवसायाच्या उंच इमारती उभ्या आहेत. वस्ती वाढली तसा कचराही वाढला. पुणें शहरांत कचरा वेंचून पोट भरणाऱ्या लोकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ सालीं स्थापन झाली, व तिच्यांतून निघालेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ सालीं महानगरपालिकेशीं करार करून घरोघर कचरा गोळा करूं लागली.

पुढें २०२२ सालीं केंद्र सरकारनें नियम केला कीं, जो व्यापारी प्लास्टिकच्या वेष्टनांत माल विकतो, त्यानें ठराविक प्रमाणांत प्लास्टिकवर पुनःप्रक्रिया झाल्याचें दाखवावें; त्यासाठीं प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याकडून प्रमाणपत्र विकत घेतां येतें. नियम चांगला. परंतु प्रमाणपत्राला किंमत आली कीं खोटें प्रमाणपत्रही जन्मास येतें. २०२३ सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणींत सुमारे ६ लाख प्रमाणपत्रें बनावट आढळलीं. ही लबाडी पकडणें अशक्य नाहीं. कारखान्यांत माल किती आला, दाणा किती निघाला, वाया किती गेला व यंत्राला वीज किती लागली, हे आंकडे एकमेकांशीं जुळले पाहिजेत.

तथापि आंकडे जुळूनही दावा खोटा असूं शकतो. पाण्याच्या रिकाम्या बाटलीला भंगारवाला पैसे देतो. म्हणून वेंचणारी बाई ती कोणत्याही योजनेवांचून उचलीतच होती. खाऊच्या चकचकीत पाकिटांना मात्र सहसा गिऱ्हाईक मिळत नाहीं, व तीं ओढ्यानाल्यांत पडून राहतात. जी योजना केवळ बाटल्या तोलून 'एवढें आम्हीं वांचविलें' असें म्हणते, तिनें दुसऱ्याच्या शेतांतील पीक आपल्या खळ्यावर मोजलें, असेंच आम्ही समजतों. यास्तव तपासनिसानें विचारावें: ही योजना नसती तर काय झालें असतें? आणि जिनें ओझें वाहिलें, तिच्या पदरांत अधिक काय पडलें?

कोणी म्हणेल, अशी चौकशी म्हणजे अविश्वास होय. आम्हांस तसें वाटत नाहीं. मंडळीच्या वर्गणीचा हिशोब दोघे जण तपासतात, तो खजिनदार चोर आहे म्हणून नव्हे. तर ज्या विधवेनें आपला आणा दिला, ती वही वाचावयास येऊं शकत नाहीं म्हणून. वेंचणारी बाईही कारखान्याच्या दप्तरापर्यंत पोहोंचत नाहीं. तिच्या वतीनें कोणी तरी वही उघडली पाहिजे.

प्रिय वाचकहो, आपणही गांवच्या विहिरीचा, शाळेचा किंवा साफसफाईचा अहवाल लिहितों. लिहिण्यापूर्वीं, आपण नसतों तरीही जें झालें असतें, तें वजा करावें. उरेल तेवढेंच आपलें.