सुट्टीचा बेत

खर्चाच्या धास्तीने अनेक घरांतले सुट्टीचे बेत बारगळतात. पण रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास पाहा. इथे गावकरी आपल्याच घरी पाहुण्यांना उतरवून घेतात. पडवीत अंथरूण, ताटात वाफाळता भात, आमटी, सोलकढी. मार्चमध्ये पहाटे कासवांची इवली पिल्लं वाळूवरून समुद्राकडे निघालेली दिसतात. प्रवासाचा खर्चही आटोक्यात राहतो: राज्यात एसटीत महिलांना अर्धं तिकीट, तर 75 वर्षं पूर्ण केलेल्या आजी-आजोबांना प्रवास मोफत. मुक्कामासाठी आपण दिलेले पैसे गावातच राहतात आणि मुलांना नवं घर, नवी माणसं भेटतात. बेत आखताना आजीचे गुडघे आणि धाकट्याची झोप आधी विचारात घ्या. मुक्काम थोडे, निवांतपणा जास्त ठेवा. आज रात्री जेवताना सगळ्यांनी मिळून गाव ठरवा!