वाढत्या हाताचे माप

मानपाडा म्हटले की ठाणेकराला घोडबंदर रोड आठवतो आणि डोंबिवलीकराला आपला मानपाडा रोड. मी दुसऱ्या पंथाचा. परवा याच रस्त्यावरच्या खेळांच्या दुकानात चिरंजीवांसाठी विकेटकीपरचे ग्लोव्हज घ्यायला गेलो आणि नैतिक पेचात सापडलो.

दुकानदाराने एक जोडी काढली. मी आमच्या घराण्याचा मंत्र म्हटला, "जरा वाढत्या अंगाचे दाखवा!"

मध्यमवर्गात जन्मलेल्या माणसाच्या तोंडून दुसरे काही निघतच नाही. माझे बूट वडील नेहमी दोन नंबर मोठे घ्यायचे. पुढे कापूस कोंबायचा आणि चालू लागायचे. कापूस काढायची वेळ येई, तोवर तळ गेलेला असे. मापाचा बूट म्हणून मला लाभला नाही.

"साहेब, बुटाचं एक वेळ चालतं. ह्याचं नाही," दुकानदार म्हणाला. त्याने मुलाला आधी आतले पातळ इनर घालायला लावले, वर ग्लोव्हज चढवले आणि तळव्यात चेंडू देऊन मूठ वळायला सांगितले. बोटांची टोके ग्लोव्हजच्या टोकांशी जेमतेम भिडली पाहिजेत. पुढे पोकळी राहिली की चेंडू तिथे आपटून बाहेर पडतो. फार घट्ट झाले तर हात मिटत नाही. किरण मोरे यांनी 1988 साली मद्रासच्या कसोटीत वेस्ट इंडीजचे सहा बळी यष्टिचीत केले, ते काही 'पुढच्या वर्षी बसतील' अशा ग्लोव्हजनी नव्हे!

तरी मी मोठी जोडी घालून बघायला लावलीच. चिरंजीव म्हणाले, "बाबा, यात माझा हातच सापडत नाहीये."

आता सांगा, उद्याच्या हातासाठी आजच्या हाताने झेल सोडायचे का? वडिलांना कंजूष म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पोरगा वाढणार, हा त्यांचा भरवसा होता आणि तो त्या कापसात ठासून भरलेला असे. पण शाळेच्या शर्यतीत एकदा माझा एक बूट मागेच राहिला आणि मी पुढे गेलो. सगळे मैदान हसले. कुंपणापाशी वडील उभे होते. ते तेवढे हसले नव्हते. खाली बघत होते. इतकी वर्षे मला त्या प्रसंगात फक्त माझा बूट दिसत आला. वडील दिसले ते परवा, दुकानात.

मी मापाची जोडी बांधायला सांगितली.

घरी हिने पिशवी उघडून ग्लोव्हज उलटसुलट केले आणि विचारले, "वर्षभरात लहान होतील की हो हे!"

"होतील," मी म्हणालो, "पण मॅच रविवारी आहे."