पाहण्याचा अधिकार

प्रवासाची आखणी ही वरकरणी नीतिविचाराच्या कक्षेत येणारी बाब नव्हे. किती दिवस, कोठे मुक्काम, कोणत्या प्रहरी कोणता देखावा, हे सारे सोयीचे प्रश्न. लखनौच्या महानगर वसाहतीतील एखादे मराठी कुटुंब अंदमानचा नकाशा पसरून बसते, तेव्हा तेही याच प्रश्नांपासून आरंभ करते. सेल्युलर जेलचे दर्शन हा मराठी माणसाच्या लेखी तिथला पहिला संकल्प. त्याला जोडून भाड्याची मोटार स्वतः चालवीत दिग्लीपूरपर्यंत जावे, वाटेत सदाहरित अरण्य पाहावे, असा बेत होतो. या बेतात जिरकाटांगचे नाके आले की प्रश्नाचे स्वरूप बदलते.

बेटाची सफर म्हटली की भोवताली फिरणे मनात येते. आइसलँडचा वर्तुळमार्ग 1974 मध्ये पुरा झाला. तो किनाऱ्याच्या आश्रयाने वस्त्या जोडत जातो आणि निर्जन मध्यभाग बव्हंशी तसाच सोडतो. आपल्या प्रदक्षिणेच्या कल्पनेतही हाच संयम आहे: ज्याच्याभोवती फिरायचे त्याला उजवीकडे ठेवावे, त्याच्यात शिरू नये. अंदमानात असा परिघाचा रस्ता नाही. जो महामार्ग आहे तो जारवांच्या राखीव वनातून जातो. तो बांधला जात असताना जारवांनी बाणांनी प्रतिकार केला, मजूर मारले गेले, पहारे बसले. त्या बाणांचा अर्थ त्या वेळी ‘उपद्रव’ असा लावण्यात आला. तो नकार होता, असे आज म्हणावे लागते.

1956 च्या संरक्षण-विनियमाने हे वन जारवांसाठी राखलेले आहे. पुण्यात कार्यरत असलेल्या ‘कल्पवृक्ष’ने आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने अंदमानातील एका संस्थेसह ज्या प्रकरणात दाद मागितली, त्यात सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2002 रोजी या रस्त्याचे काही भाग बंद करण्याचा आदेश दिला. रस्ता वाहता राहिला. पोलिसांच्या सोबतीने ताफे सोडावेत, मध्ये कोणी थांबू नये, छायाचित्र घेऊ नये, खाद्यपदार्थ देऊ नयेत, असे नियम झाले. आणि जानेवारी 2012 मध्ये, खाण्याच्या आमिषाने जारवा स्त्रियांना नाचावयास लावल्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली.

त्या चित्रफितीने सारे हळहळले. मात्र त्या हळहळीत एक सोयिस्कर समजूत दडलेली होती: नाचावयास लावणारे तेवढे दोषी, मुकाट्याने काचेतून पाहणारे निर्दोष. ही समजूत तपासावयास हवी. ‘दर्शन’ या शब्दात परस्परता आहे. भाविक देवाला पाहतो आणि देवाने आपल्याकडे पाहावे अशी आस धरतो. इरावती कर्वे वारीत चालल्या त्या वारकऱ्यांच्या पंक्तीला बसून, त्यांच्यातील जातिभेदांची खंत वाहत. त्यांचे पाहणे सहवासाने कमावलेले होते. ताफ्यातील प्रवाशाची नजर मात्र काहीच देत नाही. वनश्री, खारफुटी, चिखलाचे ज्वालामुखी यांच्या यादीत एक मनुष्यसमाज केवळ बसवलेला असतो, त्याला न विचारता.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला रंगत, मायाबंदर येथील वसाहतवाल्यांचा. पूर्व बंगालमधून विस्थापित होऊन आलेल्या कुटुंबांना या रस्त्याने रुग्णालय, बाजार, शाळा गाठावी लागते. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला तुच्छ लेखणारा निसर्गप्रेमी शहरी सुखवस्तू असतो. परंतु आजाऱ्याची निकड पर्यटकाने आपल्या नावावर लिहून घेणे हा निव्वळ हिशेबी चोरटेपणा होय. दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म. 1997 पासून जारवा स्वतःच वनाबाहेर येऊ लागले. मग त्यांना दृष्टिआड ठेवणे म्हणजे संग्रहालयातील वस्तू करणे नव्हे काय? येथे एवढेच लक्षात घ्यावे की बाहेर येणे हा त्यांचा निर्णय आहे, आणि रोज ठरावीक वेळी शेकडो अनोळखी माणसे त्यांच्या अंगणातून जाणे हा त्यांचा निर्णय नाही. 1999 मध्ये त्यांच्यात गोवर पसरला. थोर अंदमानी जमातींत 1877 मध्ये हीच साथ आली होती. 1961 च्या जनगणनेत त्या जमातींतील माणसे उरली 19. जारवा 2011 मध्ये 380 होते. मुंबईच्या उपनगरी गाडीच्या एका डब्यात याहून अधिक माणसे उभी असतात.

लखनौला मानवशास्त्राची जुनी परंपरा आहे. धीरेंद्रनाथ मजुमदार यांनी 1947 मध्ये तेथूनच ‘ईस्टर्न अँथ्रॉपॉलॉजिस्ट’ हे नियतकालिक सुरू केले. अभ्यासकाला निदान आपण का पाहतो याचे उत्तर द्यावे लागते. सहलीच्या आखणीत तो रकानाच नसतो. तो घातला, तर पोर्ट ब्लेअरहून (2024 पासून श्रीविजयपुरम) वंडूर आणि चिडियाटापूपर्यंत मोटार खुशाल चालवावी आणि उत्तरेला जहाजाने जावे, असा बेत निघतो. जहाजाच्या वेळा हवामान ठरवते, एखादा दिवस वाया जाण्याची तयारी ठेवावी लागते, आणि वाटेत दिसतो तो समुद्र आणि दुरून, झाडांची एक हिरवी रेघ.