माहितीचे वय

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनविलेला ‘स्वयम्’ हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला. वजन एक किलोहून किंचित कमी, आकार ओंजळीत मावेल एवढा. सुमारे पाचशे किलोमीटर उंचीवरून सेकंदाला साडेसात किलोमीटर धावणारी अशी डबी जमिनीवरून कशी शोधतात, हे समजून घेताना साक्षीसंबंधीचा एक प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला. वाचकहो, तो आपल्यापुढे ठेवतो.

असा उपग्रह दिवसाला सुमारे पंधरा प्रदक्षिणा करतो. आपल्या क्षितिजावर उगवला की दहा-बारा मिनिटांत मावळतो. म्हणून त्याच्या कक्षेचे अंक आधी हाती असावे लागतात. त्या अंकांत एक अंक काळाचा असतो : ही माहिती कोणत्या दिवशी, कोणत्या क्षणी खरी होती. कारण त्या उंचीवरही विरळ हवा असते. सूर्य खवळला की ती फुगते, उपग्रहाला अडवते. तो खाली सरकतो आणि, नवल असे की, कक्षा लहान झाल्यामुळे ठरल्या वेळेआधीच येऊन निघून जातो. फार जुने अंक घेऊन बसलेला मनुष्य रिकाम्या आकाशाकडे अँटेना रोखून राहतो. त्याच्या अंकांत असत्य काहीच नसते. ते केवळ शिळे असतात.

आता माणसांकडे वळू. इमामाकडे स्थळांच्या चौकशा नेहमी येतात. मोहल्ल्यात कोणी सांगतो, “मुलाला जुगाराचा नाद आहे.” सांगणाऱ्याने ते डोळ्यांनी पाहिलेले असते, पण सहा वर्षांपूर्वी. ‘होता’च्या जागी ‘आहे’ आले, एवढ्यानेच खरी साक्ष खोटी होते काय? माझ्या मते होते. वर्ष बहुधा सांगितलेच जात नाही. ते सांगितले की गोष्टीची चव जाते.

हजरत फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांनी आलेल्या मागण्यांविषयी सल्ला विचारला, तेव्हा हजरत मुआविया (रजि.) निर्धन आहेत, हे प्रेषितांनी (स.) स्पष्ट सांगितले. विचारणाऱ्या स्त्रीला त्या दिवसाची स्थिती त्याच दिवशी कळली. पुढे तेच मुआविया शामचे अधिपती झाले. त्यानंतरही कोणी त्यांना निर्धन म्हणत राहिला असता, तर?

हदीसशास्त्राच्या इमामांनी हा भेद फार काटेकोरपणे जपला. कूफ्याचे अता बिन साइब (रह.) विश्वसनीय कथनकार, उतारवयात त्यांची स्मृती ढळली. विद्वानांनी त्यांना सरसकट स्वीकारले नाही, सरसकट टाकलेही नाही. कोणी आधी ऐकले, कोणी नंतर, याची नोंद ठेवली. सुफियान सौरी आणि शोअबा (रह.) यांनी आधी ऐकले होते, म्हणून त्यांच्यामार्फत आलेले कथन ग्राह्य ठरले.

कोणी म्हणेल, मुलीच्या आयुष्याचा प्रश्न असताना जुने व्यसन झाकून ठेवावे काय? मुळीच नाही. उपग्रह शोधणारेही जुने अंक फेकून देत नाहीत. आकाशात कोठे पाहावयाचे हे त्यांवरूनच ठरते. मग संदेशाचा ध्वनी ऐकू आला की त्याच्या चढउतारावरून उपग्रह आता नेमका कोठे आहे, याची दुरुस्ती होते. मुलीच्या वडिलांनाही असेच सांगता येते : “सहा वर्षांपूर्वी मी त्याला जुगाराच्या अड्ड्यावर पाहिले. त्यानंतरचे मला ठाऊक नाही. हल्ली तो जेथे कामाला आहे, तेथे विचारा.”