मामीला कोण विचारतं?

उदगीरच्या आत्याचा थोरला हाताबाहेर गेला, तेव्हा त्याला नववीतूनच उचलून शिरूर अनंतपाळला आमच्या घरी आणून सोडलं. शाळेत एकाचं डोकं फोडलेलं, घरातले पैसे दोनदा गायब. आमच्या भागात अशा पोराचा निकाल ठरलेला: धाडा मामाकडं. मामा म्हणजे आमचे दादा. ते रानात गेले की दिवेलागणीलाच घरी. पोरगं सांभाळलं मामीनं, म्हणजे आमच्या आईनं. म्हशीला वेळेवर पाणी दाखवलं तर संध्याकाळी सायकल. नाही तर सायकल नाही, पण गरम भाकरी दोन्ही दिवशी. एकदा सायकल नाकारली म्हणून त्यानं कंदील आपटला. आईनं काचा वेचल्या आणि ताट वाढलं.

"मामी, मारत का न्हाईस?"

"मारून मारूनच तर तुला हिकडं धाडलंय की."

पॅट्रिशिया चेंबरलेन यांनी 1983 मध्ये अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या युजीन गावी जे सुरू केलं, त्याबद्दल वाचताना मला हा कंदील आठवला. गंभीर गुन्हे केलेलं पोर, खास शिकवून तयार केलेल्या एका कुटुंबाकडं ठेवायचं, एका घरात एकच. रोज गुण मिळवायचे, त्यावर सवलती. जुन्या टोळक्यापासून लांब. साधारण सहा ते नऊ महिने. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या 79 मुलांच्या अभ्यासात, वसतिगृहासारख्या गटात ठेवलेल्यांपेक्षा या घरांतली मुलं पुढं कमी वेळा पकडली गेली. कारण अवघड नाही. दहा उपद्व्यापी पोरं एका खोलीत कोंडली की ती एकमेकांचे गुरू होतात. इंग्लंडमध्ये हीच पद्धत वापरली, तिथं मात्र सरसकट फायदा दिसला नाही. फार दांडगट मुलांनाच दिसला. म्हणजे हे औषध सगळ्यांसाठी नाही.

आपल्याकडं 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 44 मध्ये प्रतिपालकत्व आहे, पण ते काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकांसाठी. गुन्ह्यात सापडलेल्या पोराला बाल न्याय मंडळ 'योग्य व्यक्ती'च्या हवाली करू शकतं. ती व्यक्ती तयार कोण करणार, हा प्रश्न उरतोच. बालसंगोपन योजनेचे महिन्याला 2250 रुपये येतात. त्यात वह्या येतील, भाकरी येईल, कंदील फोडणाऱ्याला झेलायची अक्कल येत नाही.

परकं पोर सांभाळणं आपल्याकडं नवं नाही. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे 1200 मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली, नळदुर्गला पन्नालाल सुराणांचं 'आपलं घर' उभं राहिलं. पण अनाथाची कणव येते, दुसऱ्याचं डोकं फोडणाऱ्याची येत नाही. दोघांची झोप मात्र सारखीच मोडलेली असते.

ओरेगनच्या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट: पोर सांभाळणाऱ्या बाईला रोज फोन. आज काय केलं त्यानं? खोटं बोलला? भांडला? तुम्हाला कितपत झेपलं? पाच-दहा मिनिटं. शिवाय अडीनडीला रात्रीबेरात्री उचलला जाणारा एक नंबर. आमच्या आईला वर्षभरात कुणी काही विचारलं नाही. दादा जेवताना म्हणायचे, "सुधारतंय की पोरगं." ती मान हलवायची. एका रात्री चुलीपाशी बसून म्हणाली, "न्या याला. माझ्यानं होईना."

दुसऱ्या दिवशी दादा त्याला एसटीनं उदगीरला सोडून आले. ओरेगनमध्ये असता तर तो परत येण्याआधी त्याच्या आईबापाची शिकवणीही चालली असती. आत्याच्या घरात दाराआडच्या खुंटीला आतोबांचा पट्टा तसाच लटकत होता.